खळं

सकाळच्या गाडीनं मिरजेला उतरला
चिकटपट्टीनं चौफेर आवळलेला थर्माकोलचा डबा.
पार्सलवाला म्हणाला, "मासळी हाय काय? वास न्हाई."
मी म्हटलं, कासव आहे.
तो दोन पावलं मागं सरला.

कासव नव्हतंच. त्याच्या जखमेवरून
फिरवलेला कापूस, नळीत बंद.
हंसलदीवीहून आलेला,
कृष्णा जिथं समुद्रात शिरते तिथून.
वेंकट इथंच शिकला. पाच वर्षं
माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी खाल्ली त्यानं.
चिठ्ठीत एवढंच:
"अक्का, मादी आहे. अंडी घालायला आली होती.
जाळ्यानं वल्हं कापलंय, भरत नाही.
अशा आता थोड्याच उरल्यात. बघा जरा."

ताटलीत जंतू पसरायचे,
वर औषधाच्या कागदी टिकल्या ठेवायच्या, सहा आणि सहा,
आणि रात्रभर उबेत ठेवून घरी जायचं.
औषध चाललं तर टिकलीभोवतीचे जंतू मरतात,
स्वच्छ गोल उरतो.
पुस्तकात त्याला लांबलचक नाव आहे.
मी खळं म्हणते.
चंद्राला पडतं ते,
किंवा आरगला मळणीआधी सारवायचे ते.

दुसऱ्या दिवशी ताटली उजेडात धरली.
दुधावर साय यावी तसे
टिकल्यांना खेटून, सगळीकडे, जंतू.
फक्त अकराव्या टिकलीला पुसट काहीतरी.
पट्टी लावली: नऊ मिलिमीटर.
नऊ म्हणजे नाहीच.

मंगळवारची एक ताटली अजून टाकायची राहिली होती.
खाट चौदा, बाबासो कुरणे,
लग्नाच्या बँडात ट्रम्पेट वाजवतो,
साखरेनं पाय सडलेला.
तीही धरली शेजारी.
तीच साय.
अकराव्या टिकलीला तेच नऊ.

बाबासोनं समुद्र पाहिलेला नाही.
तिनं सांगली.

डॉक्टर मगदूम म्हणाले,
एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही.
खरं आहे.
मी वहीत तसंच लिहिलं: सिद्ध होत नाही.
आणि पेन बराच वेळ तिथंच टेकवून बसले.

रविवारी तुंगला, भावाच्या पोल्ट्रीवर.
सर्जेराव निळ्या पिंपात पुडी ढवळत होता.
"आजारी पडलीत काय पिल्लं?"
"न्हाई गं. पडू नयेत म्हनून."
शेड धुतलेलं पाणी चरातनं ओढ्याला,
ओढा नदीला.
मी काही बोलले नाही.
काय बोलू?
मागच्या श्रावणात तिसऱ्या दिवशी ताप उतरला
तशा उरलेल्या पाच गोळ्या
मीच मोरीत सोडल्या होत्या.
मी. जिला हे सगळं वाचता येतं.

नदीला घाई नसते.
अंकलीला वळते, पुढं धरणांवर धरणं,
दर ठिकाणी अडते, साठते, सुटते.
जाताना कुणाचं काय घेतलं
याची पावती देत नाही.

संध्याकाळी घाटावरच्या देवळात गेले.
नंदीपुढं दगडाचं कासव, तळव्यांनी गुळगुळीत झालेलं.
पाय आत, मान आत.
कासवासारखं आवरून घ्यावं, सांगतात.
समुद्रातल्या कासवाला तर
मानही आत घेता येत नाही, वेंकटनंच सांगितलं होतं.
आणि घेता आली असती
तरी काय झालं असतं?
जे यायचं ते आधीच आत आहे.

बाहेर आले तर पुलावर चंद्र,
त्याला भलंमोठं खळं.
लांब खळं, जवळ पाऊस, म्हणतात.
मी मात्र सवयीनं
पट्टी काढायला
खिशात हात घातला.