दोन मिनिटं

एसी लावला की ओल्या पायपुसण्याचा वास.
कापूर ठेवून पाहिला, वाटीत कॉफीची पूड,
मग डॅशबोर्डवर लिंबाची जेली.
आता पायपुसण्यावर लिंबू पिळल्याचा वास.

नाना पेठेत मुनाफभाईंनी
दोन बोटांनी ग्लोव्ह बॉक्स उतरवला,
फिल्टर ओढून उन्हात धरला:
काळाकुट्ट, बुचाच्या फुलांची सुकी देठं अडकलेली.
कर्वेनगरात त्या झाडाखाली
चार वर्षं गाडी लावते, त्याची पावती.

"नवा टाकतो. पण ताई, नुसता फिल्टरचा दोष नाही.
गारेगार गाडी तुम्ही फटकन बंद करता, जाता निघून.
पाणी आतच राहतं. अंधारात कुजतं.
घर यायच्या आधी दोन मिनिटं
एसी बंद, पंखा चालू. वाळू द्या की तिला."

दीडशे रुपये मजुरी. सल्ल्याचे घेतले नाहीत.

तेव्हापासून राजाराम पूल लागला की बटण दाबते.
वारा आधी गार, मग कोमट,
मग नदीचा, कणसांच्या धुराचा, खराखुरा.
गेटजवळ पोचूनही इंजिन चालूच.
दिवसभर ज्याला ज्याला "हो सर" म्हटलं
ते सगळं अजून ओलं आहे.

फोन. "कुठं आहेस?"
"वाळतेय," म्हणते.
"काय?"
"आलेच."