उष्णतेचं सोंग

सगळी सोंगं आणता येतात,
उष्णतेचं आणता येत नाही.
गोदीच्या भिंतीवर वख्तांगने खडूने लिहिलं होतं,
आणि खाली, बारीक अक्षरात: आकडेमोड तपासणे.
मी तपासली. बरोबर होती.

कॅलिस्टोवरून पाहिलं तर आकाश म्हणजे थंडगार परात.
एक दाणा तापला तरी पलीकडच्या काठाला कळतं.
शत्रूला डोळे नाहीतच म्हणा हवं तर,
नुसती त्वचा आहे, मैलोगणती,
आणि ती कधी झोपत नाही.

पहिला तोतया चांदीच्या कापडाचा, फुगवलेला.
तीन तास टिकला.
वख्तांग म्हणाला, रंगवलेला कोंबडा आरवत नाही, पोरी.
दुसऱ्याच्या पोटात मी खरीखुरी भट्टी घातली,
दोनशे नव्वद अंश, ना वर ना खाली.
अठरा तासांनी त्यांची जहाजं वळून निघून गेली.
मला राग आला. मग उमगलं:
माणसं राहतात तिथलं तापमान
इतकं सरळ चालत नाही.

म्हणून चाळीस दिवस 'त्सिस्कारी'वर जाऊन राहिले,
खिशात तापमापक, हातात वही.
पहाटे चारला नतेला तोनेची भट्टी पेटवते,
मातीच्या पोटाला पाव चिकटवते, बोटं भाजून घेते.
डावीकडचा पंप दर अकरा मिनिटांनी उचकी देतो.
भांडण झालं की न्हाणीघरात गरम पाणी दुप्पट.
आणि जुना फुटबॉल सामना लागला की
सगळे एका खोलीत,
बाकीचं जहाज अर्ध्या अंशाने गार.

सेहेचाळीस माणसं.
सगळी उतरवली, सगळी तोतयात भरली.
तरी कागदावर काहीतरी फार नेटकं दिसत होतं,
नवरीच्या साडीच्या निऱ्यांसारखं.

माझ्या कपाटात झुराबचं मनगटी यंत्र होतं.
माझा भाऊ. शेवटच्या हिवाळ्यात त्याला झोप लागत नसे.
मार्गिकेत येरझाऱ्या, रात्री अडीचला किटली,
अंथरूण गार ते गारच.
तेवढ्या रात्री मी घातल्या. कोणाला सांगितलं नाही.
फॉर्मवर 'त्रुटी'च्या रकान्यात लिहिलं: नगण्य.

मग 'त्सिस्कारी'ने भट्टी विझवली.
लोकरी कोट घालून, शिळा पाव चावत,
माणसं एकमेकांना खेटून अंधारात बसली
आणि गुपचूप घरच्या वाटेला लागली.
तोतया मात्र शनीकडे निघाला,
उबदार, पोटभर जेवलेला, भांडखोर,
वेळच्या वेळी उचक्या देत.

तह झाल्यावर कागदांची अदलाबदल झाली.
त्यांच्या पहाऱ्याची एक नोंदवही माझ्याकडे आली,
कोणाचं अक्षर होतं ते कळलं नाही, तिरकं, घाईचं:

सत्तेचाळीस माणसं. पाव भाजतात.
एकाला झोप येत नाही.
रात्री अडीचला चहा करतो.
आज पहारा माझा. मीही केला.

पुढे चार दिवस नुसते आकडे.
मग:

डागण्याचा हुकूम संध्याकाळीच आला होता.
यंत्रात बिघाड आहे असं कळवलं.
नवव्या रात्री तो झोपला.
पाच वीसला डागलं.

वख्तांग म्हणाला, खोटं आहे,
शिपाई असलं काही लिहीत नसतात.
मी त्याच्याशी वाद घातला नाही.
यंत्र काढलं, मागे मागे नेत गेले.
नववी रात्र. पाच दहा.
अंथरूण हळूहळू तापत गेलेलं,
छत्तीसच्या जवळ, मग स्थिर.

त्या रात्री मी त्याच्या उशाशी बसले होते.
हे मी विसरले होते.