एक वळण

तासाला बाराशे, डिझेल गावाचं.
असा ठराव झाला आणि मी ओढ्यात उतरलो
पिवळी मशीन घेऊन.
कागदावर ओढा निळ्या पट्टीनं आखलेला,
खाली मात्र तो नुसता नखरे करत होता:
धोंडू मास्तरांच्या तुरीमागं एक वेटोळं,
मसोबाच्या दगडापाशी दुसरं,
मध्ये शिंदीचं बन, शेरणीची दाट जाळी,
आणि चिखलात पाय रोवून बसलेला वाळा.
चार दिवसांत सगळं सरळ केलं.
सरपंच म्हणाले, बघा, कसा भांग पाडल्यावानी दिसलालाय.

केवळाबाई तेवढी काठावर उभी होती.
शिंदीचे फडे बांधून
उमरग्याच्या बाजारात विकायची ती.
"काय करलालास बाबा?"
"पाण्याला वाट करलालाव, मावशी."
"वाट व्हतीच की त्येला.
तू आता पळाय लावलालास."
मी गियर टाकला.

पितरपाटात आभाळ फाटलं.
सरळ केलेलं पाणी सरळ आलं,
दम न खाता, कुठं न टेकता,
रात्रीच्या दोन वाजता खालच्या वस्तीत.
शाळेतल्या तांदळाची पोती फुगून उसवली.
कुणाची शेळी बेनीतुरेपर्यंत गेली.
केवळाबाईच्या भिंतीवर लाइटच्या मीटरखाली
गढूळ रेघ उमटली, ओळंब्यात.
मला कुणी काहीच बोललं नाही.
चहा मिळायचा, साखरही घातलेली असायची.

दिवाळी झाल्यावर ती आली.
"मशीन अर्धा दिवस दे. पैशे न्हाईत.
एक वळण परत दे मला."

खोदायचं कसं ते मला येतं.
वळवायचं कसं ते कुणी शिकवलं नव्हतं.
बकेट चारदा उचलली, चारदा तशीच ठेवली.
मग ती पुढं झाली, काठीनं मातीत रेघ ओढत,
जिथून तीस वर्षं शिंदीची पानं तोडायला जायची
त्या पायवाटेच्या आठवणीनं.
मी तिच्या मागं मागं, बैलासारखा.

रोपवाटिकेची गाडी गुलमोहर घेऊन आली.
"शाळंपुढं लावा, चांगला दिसंल," म्हणाली.
तिनं वरच्या घळीतून आणले
वाळ्याचे ठोंब, ओल्या पोत्यात गुंडाळून,
शेरणीच्या कांड्या, निर्गुडीची फाटी.
करंजाच्या बिया पोरांच्या खिशात खुळखुळत आल्या,
निम्म्या गोट्या खेळण्यात हरवल्या.
लव्हाळा कुणी लावला नाही.
तो आपला आपण आला, काय चाललंय बघायला.
शिंदीच्या बिया ती एकटीच टोचत होती.
"फडे निघायला किती वर्षं, मावशी?"
तिनं माझ्याकडं असं बघितलं
जसं काही मी तिचं वय विचारलं.

गाव हसलं. जेसीबीवाला गवत लावलालाय म्हणे.
उन्हाळ्यात मीच टँकरमागं कळशी घेऊन.
वाळा वर गुडघ्याएवढा दिसायचा.
एक ठोंब वाळला म्हणून उपटायला गेलो
तर मलाच ओढून बसला.

तिसऱ्या वर्षी पुन्हा तसाच पाऊस, तशीच रात्र.
आम्ही बॅटऱ्या घेऊन पुलावर.
पाणी आलं. येणारच होतं.
पण वळणाशी अडखळलं,
शेरणी त्याच्यापुढं आडवी झाली, मोडली नाही,
वाळ्यानं त्याच्या अंगावरची माती
पाहुण्याची पिशवी घ्यावी तशी काढून घेतली,
आणि मास्तरांच्या बांधाला ते पसरून बसलं,
बिडी ओढणाऱ्या माणसासारखं.
वस्तीत शिरलं तेव्हा पहाट झालेली.
माणसं जागी, शेळ्या वर बांधलेल्या.
केवळाबाईच्या दुसऱ्या पायरीला टेकून
ते उतरत गेलं.

दुसऱ्या वळणाचा ठराव अजून पंचायतीत पडून आहे.
मास्तर जागा द्यायला तयार नाहीत,
त्यांचंही खोटं नाही.

परवा मी केवळाबाईकडून एक फडा घेतला.
शिंदी कुठली, तर अजून दुसऱ्या गावची.
वळणाचं काही बोलणं निघालं नाही.
पैसे तिनं पूर्ण घेतले, साठ रुपये.