नावांचं चाक

पडद्यावर एक चाक आहे, रंगीत फाकांचं.
नावं टाइप करायची, बटण दाबायचं,
चाक गरगरतं, टकटकतं, दमतं
आणि एका नावावर येऊन थांबतं.
ज्याचं नाव, तो फळ्यापाशी.
बाई मुद्दाम मलाच उठवतात, असं म्हणायला
कुणाला जागा उरत नाही.

पुएर्तो मोंतच्या प्रशिक्षणात शिकले हे.
दोन दिवस, फुकट कॉफी आणि एक यादी :
वर्गासाठी उपयोगी तेवीस साधनं.
परतीच्या लाँचमध्ये यादी मांडीवर,
शेजारी दोन मेंढ्या, एक गॅसचं सिलिंडर
आणि सुकाणूवर ओविदियो चिगुआय, जो म्हणाला,
"बाई, यातलं एखादं लाकडं फोडतं का?"

तेव्हा पटावर अकरा होते.

बेटावर रेंज एकाच खिडकीत मिळते,
चुलीच्या उजव्या अंगाला, तिसऱ्या काचेपाशी.
तिथंच टेबल सरकवलं, तिथंच मुलं,
तिथंच वाळणारे मोजे.
एक साधन गोंगाट मोजायचं,
आवाज वाढला की पडद्यावर चेंडू उड्या मारायचे.
मुलं गप्प बसली तरी मारायचे,
पत्र्यावर वारा होता,
वाऱ्याला कोण पट्टी दाखवणार?

एक साधन बोललेलं लिहून घ्यायचं.
इस्माएल म्हणाला, आजोबांनी बटाटे पुरले.
त्यानं लिहिलं, आजोबांना पुरले.
आठवडाभर हसलो.
हिवाळ्यात आजोबा खरंच गेले
आणि इस्माएलनं ते वाक्य मला पुसू दिलं नाही.

उलटं मोजणारं घड्याळ मात्र साऱ्या बेटाला आवडलं,
वेळ संपली की कोंबडीसारखं ओरडतं ते.
लुदोविना बार्रियानं पावासाठी मागून घेतलं.
भरती-ओहोटीचं वेळापत्रक मी तिच्या सासऱ्याला उघडून दिलं,
त्यानं फोनकडे बघितलं, मग समुद्राकडे,
म्हणाला, "बरोबर सांगतोय. शिकेल हळूहळू."

पहिले गेले ते तीन भाऊ.
बापाला मासळीच्या कारखान्यात काम लागलं.
मी तीन नावं खोडली,
उरलेल्यांच्या फाका रुंद झाल्या.
चाक रिकामी जागा ठेवतच नाही,
पंगतीतून कुणी उठलं
तर बाकीचे सरकून बसतात, तसं.
आठ. पाच. मग इस्माएल, आईसोबत.
मग दोघं : नुसता छापा-काटा.

या मार्चमध्ये शाळा उघडली तेव्हा
अख्खं चाक जांभळं होतं.
मियाराय.
तरी ती म्हणाली, फिरवा.
इमानानं गरगरलं, टकटकलं, दमलं.
कागदी फुलं उधळली पडद्यावर.
"मीच!" ती म्हणाली,
आणि मी, देवाशप्पथ, टाळ्या वाजवल्या.

सोमवारी माझ्याआधी टेबलापाशी,
एका बोटानं नावं भरत होती :
मियाराय. चूल. काळी कोंबडी.
ओविदियोची लाँच. इस्माएल.
"तो नाही ना इथं आता," मी म्हटलं.
"चूल तरी कुठं अभ्यास करते?"
मग सगळ्यात शेवटी : बाई.

पहिल्यांदा चूल आली.
तिनं उत्तर दिलं नाही. तिला शून्य.
दुसऱ्यांदा मी.

खडू माझ्या हातात.
ती माझ्या खुर्चीत, पाय जमिनीला न टेकलेले,
चेहरा माझ्यासारखा करून, म्हणजे
भुवया जरा जास्तच वर.
सत्तावीस भागिले चार.
तीन मिनिटं, बाई, आणि बोलायचं नाही.
मी सहा लिहिले आणि थांबले,
खिडकीत लाँच धक्क्याला लागत होती,
कोण उतरतंय ते बघत राहिले.
"आणि बाकी?" ती म्हणाली. "बाकी किती?"

पत्र्यावर वारा. चेंडू उड्या मारत होते.
कोंबडी ओरडायला अकरा सेकंद होते.