बँकांबाहेरील रोकड

दर महिन्याच्या तेवीस तारखेला
स्कोप्येत, वार्दारकाठच्या करड्या इमारतीत
मी पैसे मोजते.
नोटा नव्हेत. नोटांना मी हात लावत नाही.
नोटांबद्दल इतरांनी जे लिहून पाठवलं, ते मोजते.

वाक्य ठरलेलं असतं:
‘गेल्या महिन्याच्या तुलनेत पैशाचा एकूण पुरवठा
शून्य पूर्णांक आठ टक्क्यांनी वाढला.’
आकडा तेवढा बदलायचा.
ट्रायचे म्हणतो, यापेक्षा हवामान खातं बरं,
तिथे निदान खिडकीबाहेर बघावं लागतं.

मला खिडकीबाहेरचं आलेखातच दिसतं.
फेब्रुवारीतला हा उंचवटा, ही प्रिलेपची तंबाखू:
उन्हाळाभर पहाटे तीनला उठून खुडलेली,
लांब सुईने ओवलेली पानं,
लिंबाने घासली तरी काळीच राहणारी बोटं,
आणि भर थंडीत एकदाचे हाती पडलेले दाम.
ऑगस्टमधलं टेंगूळ म्हणजे लग्नं.
झ्यूरिकहून, मालमोहून गाड्या भरून माणसं येतात,
वाजंत्र्यांच्या घामट कपाळांवर नोटा चिकटवतात.
सप्टेंबरात लाल मिरच्यांची पोती,
गच्चीगच्चीवर भाजणीचा धूर,
आणि रोकड बाजारभर हिंडून
जराशी खरकटी होऊन बँकेत परत.

दोन्का मावशीची मात्र परत येत नसे.
युगोस्लाव्हिया मोडला त्या वर्षी तिची मार्कांची ठेव गोठली.
खिडकीतल्या बाईने पासबुक सरकवलं, म्हणाली,
आकडा आहे हो, पैसे नाहीत.
तेव्हापासून मावशीचा हिशेब सरळ:
बरणीत असेल ते आपलं.
तंबाखूच्या कोठारात, आयवारच्या बरण्यांमागे
एक बरणी, झाकणावर जुनं वर्ष लिहिलेली,
म्हणजे कुणी उघडू नये.

माझ्या तक्त्यात ती तिसऱ्या रकान्यात बसे:
‘बँकांबाहेरील रोकड’.
अख्ख्या देशाच्या बेरजेत
माझ्या ओळखीची एवढी एकच वस्तू.
एकदा सांगितलं तिला, मावशी, तू आमच्या अहवालात आहेस.
ती चरकली.
नाव तर नाही ना घातलंस?

यंदा मार्चमध्ये तिने बरणी उपडी केली.
नातू, गोर्यान, उल्मला निघाला होता,
कसल्याशा गोदामात कामाला.
चलन बदलून देणाऱ्या पोराने देनार दोनदा मोजले,
तंबाखूचा वास मारतोय म्हणाला,
आणि मोजके युरो पुढे सारले.
मावशीने ते जाकिटाच्या अस्तरात शिवले
त्याच सुईने, पानं ओवायच्या.

बस रात्री सुटली.
अस्तरातले युरो कुठल्याच रकान्यात बसत नाहीत.
घरात, गादीखाली, अंगावर असलेलं परकं चलन
आम्ही मोजत नाही.
मोजणार तरी कसं?

आणि तेवीस तारखेला पाहते तर
पुरवठा वाढलेलाच.
रोकड किंचित उतरली होती,
पण एरोड्रोम वस्तीत नवे मनोरे उठताहेत,
कुणा जोडप्याला तीस वर्षांचं कर्ज मंजूर झालं,
कारकुनाने एक कळ दाबली
आणि खात्यात पैसा उगवला,
काल जो कुणाकडेच नव्हता.
खुडला नाही, ओवला नाही, वाळवला नाही.
यात लबाडी नाही काही. असंच होतं, सगळीकडे होतं.
मी राहते ते घरही असंच आलंय.

वाक्य लिहिलं. शून्य पूर्णांक सहा.
ट्रायचेने तपासून पाहिलं,
दशांशचिन्ह जागेवर आहे म्हणाला.

रविवारी प्रिलेपला गेले.
कोठारात दोऱ्या रिकाम्या लटकत होत्या.
मावशीने मोठ्या बरणीतलं उरलंसुरलं आयवार
एका लहान बरणीत काढलं होतं,
पावावर जाडसर थापून पुढे केलं.
झाकणावरचं वर्ष मी ओळखलं.
धुतलीस ना गं नीट?
तीनदा, ती म्हणाली. राखेने सुद्धा.
तरी बघ,
आणि बरणी माझ्या नाकाशी धरली.