एका चौकटीमागे चाळीस पैसे

आर्वीत, बियाण्याच्या दुकानावर,
पत्र्याच्या खोलीत आम्ही बारा जणी.
खालून औषधाचा वास, कोपऱ्यात कूलरची घरघर
आणि समोर पडद्यावर
कुणाचा तरी मुलूख, वरून पाहिलेला.
कुठला, ते सांगत नाहीत.
माती आपल्यासारखी काळी नाही एवढं कळतं.
घरांवर धाबी आहेत, धाब्यांवर दोऱ्या, दोऱ्यांवर कपडे.
आवाज नाही. कशालाच आवाज नाही.

काम सोपं आहे, नेहारे सर म्हणाले होते.
माणूस दिसला की त्याच्याभोवती चौकट आखायची.
मग हात, आणि हातातलं, वेगळं काढायचं.
सशस्त्र. निःशस्त्र. अनिश्चित.
तीन बटणं.
"तुम्ही शिकवाल तसं ते शिकते,
लहान लेकरासारखं."
ते म्हणजे कोण, शबनूरनं विचारलं.
सरांनी तिला कूलरमध्ये पाणी टाकायला सांगितलं.

वरून माणूस म्हणजे एक डोकं आणि लांब सावली.
मी सावलीवरून ओळखते.
ही बाई पोटुशी असेल, पाय फाकवून चालते.
हा म्हातारा, दर दहा पावलांनी थांबतो.
त्याच्या खांद्यावर आडवं आहे
ते कावड, की पाइप, की दुसरं काही,
दीपाली उईके वाकून बघते, म्हणते,
माझा बाबा टेंभुर्णीची काठी अशीच धरते.

पहिल्या आठवड्यात मी पुष्कळदा अनिश्चित दाबलं.
शनिवारी हिशेब आला.
शंभरात पाचाच्या वर अनिश्चित गेलं
तर त्या दिवसाचे निम्मे पैसे कापतात.
दुसऱ्या आठवड्यापासून
मला सगळं स्पष्ट दिसायला लागलं.

गुणवंतमामा तळेगावला संत्र्याच्या बागेत जागलीला असायचा.
मचाणावर, गोफण घेऊन, रानडुकरांसाठी.
एका रात्री कडेच्या तुरीत काहीतरी हललं.
त्यानं गोटा भरला, गोफण डोक्यावर फिरवली,
एक फेरा, दोन फेरे,
आणि तूर खोकली.
सोनबाजीचं मुकं पोरगं होतं, संत्री चोरायला आलेलं.
मामा गोफण फिरवतच राहिला म्हणे,
सोडवेना, थांबवेना,
मग गोटा विहिरीकडं भिरकावला.
"तवापासून मी आंधी हाक मारतो," तो सांगायचा,
"डुक्कर असन तं पळते.
मानूस असन तं शिवी देते."

हे मी सरांना सांगणार होते.
पण दोनशे चौकटी राहिल्या होत्या,
आणि हाक मारायचं बटण नाही.

काल संध्याकाळी फाट्यावर उतरले.
मोघ्यांच्या वावरावर फवारणीचं ड्रोन फिरत होतं,
पोरं त्याच्यामागं धुऱ्यानं धावत होती.
आमच्या वावरात माय कापूस वेचत होती,
वाकलेली, कमरेला ओटा.
घूं आवाज आला तशी उभी राहिली,
एक हात कपाळावर धरून वर पाहू लागली.
दुसरा ओट्यात.

माझं बोट हाललं, ओढणीवर, आपोआप,
डावीकडून उजवीकडं, वरून खाली.
चौकट पुरी झाली. माय तिच्या आत.
एक हात दिसत नव्हता.

मी मोठ्यानं खोकले.

माय वळली.
"दम लागला का वं?
डबकीत पानी हाय, पेऊन घे."