सरपण

(आइसलंड, पश्चिमेकडचा किनारा, सतरावं शतक)

आमच्या किनाऱ्यावर झाड उगवत नाही.
लाकूड येतं ते समुद्रातून,
कुठल्याशा परक्या नदीनं सोडून दिलेलं,
साल गेलेलं, मिठात मुरलेलं.
सात हिवाळे मी ते वेचलं.
एकेक ओंडका दोरानं ओढत वर आणला,
गवताच्या छपराखाली रचला,
आणि कुणी विचारलं तर म्हटलं, सरपण.

सरपण नव्हतं. नाव होती ती,
अजून न बांधलेली,
सहा वल्ह्यांची, सुकाणूवर मी.

वल्हं चालायचं. बायका वल्हवतात आमच्याकडे,
कातडी विजार चढवून, मासळीच्या तेलात माखून,
वाटाही घेतात गड्याइतकाच.
पण सुकाणू?
‘सुकाणूला मिशा लागतात, स्टेनवोर,’
हाल्वार्दुर तांडेल म्हणायचा
आणि सगळी नाव हसायची. मीसुद्धा.
बोटं गोठली की हसण्याचीही ऊब लागते.

अक्षरं मला आंधळ्या मामानं दिली,
तळव्यावर बोटानं गिरवून.
त्याला दिवा लागायचा नाही,
म्हणून कुणाला कळलं नाही.

त्या शरदात देवमाशाच्या बरगडीवर
मी तीन चिन्हं कोरली.
मागितलं काय? कुणाचं मरण नाही.
इतकंच, की वाऱ्यानं मला ओळखावं.

वारा आला.
खाडीच्या तोंडाशी हाल्वार्दुरची नाव उलटली,
चार माणसांसकट.
मी त्या दिवशी आजारी म्हणून घरी होते.
आजारी होते का?
आता माझं मलाच आठवत नाही.
ओळख द्यायला आला असेल,
किंवा नुसता वारा आला असेल.

उंबऱ्याखाली बरगडी सापडली.
न्यायाधिकाऱ्यानं चिन्हं निरखली,
मग घरातल्या माणसाकडे बघितलं,
म्हणजे माझ्या नवऱ्याकडे.

आउस्मुंदुरला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं.
मेंढ्यांच्या कानावर खूण करायचा,
तीही मी दाखवलेली.
‘हे तुझं?’
तो गप्प. आधी भीतीनं.
मग मी पाहिलं, त्याचे खांदे रुंद होत गेले.
जन्मात पहिल्यांदा माणसं
त्याच्यापासून दोन पावलं मागे सरली होती.
‘माझंच,’ तो म्हणाला.

लोक म्हणतात, बायकोला वाचवलं.
असेल.
मी ओरडले, कोरणारी मी आहे!
प्रेमानं नाही, खरं सांगते.
तिसऱ्या चिन्हाचं वळण साधायला
मला अकरा रात्री लागल्या होत्या,
आणि तो बरगडी उलटी धरून उभा होता.
पाद्री हळहळला,
‘दुःखानं भ्रमिष्ट झाली बिचारी. बाहेर न्या.’

जाळायचं तर लाकूड हवं.
छपराखाली आयतंच रचलेलं.
‘सरपणच ना हे?’ कुणीतरी विचारलं.
सात वर्षं मी हेच तर सांगत आले होते.

मिठातलं लाकूड निळं जळतं, कडेला हिरवं.
गर्दी म्हणाली, सैतान.
मी कणा ओळखला.
डावीकडच्या फळ्या ओळखल्या.
सुकाणूसाठी ठेवलेला वाकडा तुकडा
सगळ्यांत शेवटी पेटला.
माणसाकडे मी फार वेळ बघितलं नाही.
हे मी कबुलीजबाबातसुद्धा सांगितलेलं नाही.

आता हिवाळ्यात पोरांना दटावतात,
गप्प बसा, नाहीतर आउस्मुंदुर येईल.
त्याचं नाव झालं.
माझी नाव गेली.

काल भरतीनं एक ओंडका टाकला, मांडीएवढा.
मला आता वाकवत नाही.
तरी दोर बांधला.
शेजारीण वरून हाक मारते, ‘सरपण का गं?’
मी तिच्या पोरीकडे बघितलं,
आर्नब्योर्गकडे, नऊ वर्षांची, नाक वाहतंय,
आणि म्हटलं,
ये, दुसरं टोक धर.